ट्रॅप नसलेलं वाफेचं हीटिंग: १९१२ च्या घरातल्या कामाच्या नोंदी

फिलाडेल्फियाच्या उपनगरातलं तीन मजली घर, बांधकाम १९१२ चं. तळघरात गॅसवरचा वाफेचा बॉयलर, घरभर ११ ओतीव लोखंडी रेडिएटर. प्रत्येक रेडिएटरला दोन पाइप: एकातून वाफ येते, दुसऱ्यातून पाणी आणि हवा परत जाते. स्टीम ट्रॅप (पाणी आणि हवा जाऊ देऊन वाफ अडवणारी झडप) मात्र जवळजवळ कुठेच नाहीत. इकडे जुनी घरं घेतलेली आपली बरीच मंडळी आहेत. कुणाच्या तळघरात असा प्रकार निघाला तर उपयोग होईल म्हणून काम करताकरता लिहीत गेलो.

५ ऑक्टोबर २०२४

आधी दुखणं काय ते लिहून ठेवतो. पहाटे बॉयलर सुरू झाला की स्वयंपाकघराच्या बाजूच्या पाइपांत घणाचे ठोके पडतात. उत्तरेकडची बेडरूम गार, शेजारच्या बाथरूमची भट्टी. तळघरात छताखालून जाणारा परतीचा पाइप हात लावता येणार नाही इतका तापतो. परतीच्या पाइपातून कोमट पाणी यायला हवं, तिथे उघडउघड वाफ फिरते आहे.

दोन प्लंबर येऊन बघून गेले. दोघांचं निदान एकच: 'ट्रॅपच नाहीत, म्हणून वाफ रिटर्नमध्ये (परतीच्या पाइपात) जाते.' अकराही रेडिएटरना थर्मोस्टॅटिक ट्रॅप बसवायचे ६,४०० डॉलर सांगितले.

बाबांना व्हिडिओ कॉलवर तळघर दाखवलं. ते सांगली जिल्ह्यातल्या साखर कारखान्यात बॉयलरवर होते. तेही तेच म्हणाले, "अरे, ट्रॅप नाही म्हटल्यावर वाफ कंडेन्सेटच्या लाइनीत घुसणारच की. दुसरं काय होणार?"

मला पटत नव्हतं ते एवढ्याचसाठी की ही यंत्रणा बसवली तेव्हा ती चालत असणार. दिवसभर कोळसा जाळून रात्री घणाचे ठोके ऐकायला कुणी पैसे मोजले नसतील. म्हणजे वाफ अडवायचं काम तेव्हा दुसरं काहीतरी करत होतं. ते काय होतं आणि कधी मोडलं, हे कळल्याशिवाय ट्रॅप घ्यायचे नाहीत असं ठरवलं.

६ ऑक्टोबर

एका रेडिएटरच्या व्हॉल्व्हवरचा रंग खरवडल्यावर (मास्क लावून आणि ओल्या फडक्यानं, कारण १९७८ पूर्वीच्या घरात रंगात शिसं असतं असंच धरून चालायचं) खाली ब्रूमेल हे नाव निघालं. ही पेनसिल्व्हेनियातल्याच यॉर्कची 'व्हेपर' पद्धत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. व्हेपर म्हणजे वाफच, पण इतक्या कमी दाबाची की ती पीएसआयमध्ये (चौरस इंचावर किती पाउंड) न मोजता औंसांत मोजतात. १६ औंस म्हणजे १ पीएसआय. बाबांच्या कारखान्यातले बॉयलर दर चौरस सेंटिमीटरला ४५ किलो दाबावर चालायचे. इथे ८ औंस म्हणजे ०.०३५ किलो. वाफ तीच, पण कारखान्याचे आडाखे इथे लागू पडत नाहीत.

व्हॉल्व्ह रेडिएटरच्या वरच्या अंगाला आहे, परतीचा एल्बो (काटकोनात वळणारा जोड) विरुद्ध टोकाला खाली. यात हिशेब आहे. वाफ हवेपेक्षा हलकी, त्यामुळे ती वर पसरते आणि हवेला खाली ढकलत परतीच्या पाइपात घालवते. म्हणून एकाही रेडिएटरवर हवा सोडायचा वेगळा व्हॉल्व्ह नाही.

व्हॉल्व्हच्या आत पाच छोटी छिद्रं. मूठ जितकी फिरवाल तितकी छिद्रं उघडतात. परतीच्या एल्बोत एक लहानसा कप, त्यात पाणी साचून राहतं आणि त्याच्या वर हवा जायला बारीक भोक. ट्रॅपचं काम या दोघांत वाटून दिलेलं आहे. पण दोघांना समान समजू नका. कपातल्या पाण्याची उंची इंचभर. एक इंच पाणी अर्ध्या औंसाहून किंचित जास्त दाब अडवतं. त्याच्यापुढे ते उडून जाणार. म्हणजे खरा पहारा आत येणाऱ्या छिद्रांचा. रेडिएटर जेवढी वाफ थंड करून पाणी करू शकतो त्याहून थोडी कमीच वाफ आत सोडायची. मग दुसऱ्या टोकाला पोचायला वाफ उरतच नाही, आणि अडवायलाही काही उरत नाही.

छिद्रानं वाफ मोजून सोडायची ही युक्ती ब्रूमेलच्याही आधीची आहे. बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर १८८० च्या दशकात ती वापरत होता. थर्मोस्टॅटिक ट्रॅप बाजारात आले ते नंतर.

१२ ऑक्टोबर

रेडिएटर मोजले. अमेरिकेत वाफेचा रेडिएटर चौरस फुटांत मोजतात, आणि एक चौरस फूट म्हणजे तासाला २४० बीटीयू (उष्णतेचं एकक). ३८ इंच उंचीच्या दोन खांबी रेडिएटरचा एक भाग ४ चौरस फूट, तीन खांबीचा ५. सगळी बेरीज ४२० आली. बॉयलरच्या माहितीपट्टीवर लिहिलंय ६५० चौरस फूट, आणि पाइप तापवण्यासाठीची ३३ टक्के जादा तरतूद आधीच बाजूला काढून हा आकडा लिहिलेला असतो. म्हणजे बॉयलर दीडपटीहून मोठा. २००८ मध्ये आधीच्या मालकांनी बसवून घेतलेला, आणि बसवणाऱ्यानं जुन्या बॉयलरची पट्टी बघून नवा मागवलेला दिसतो. आता तो बदलणं परवडणारं नाही. मोठ्या बॉयलरचा दाब भराभर चढतो एवढं ध्यानात ठेवून पुढे गेलो.

१३ ऑक्टोबर: दाब

बॉयलरवरचं गेज ० ते ३० पीएसआयचं. नियमाप्रमाणे ते असावंच लागतं, पण ८ औंसांना त्याचा काटा हलतसुद्धा नाही. जोडीला ० ते ३ पीएसआयचं गेज लावलं, ४० डॉलर. त्यावर पहिल्याच दिवशी काटा टोकाला जाऊन टेकला.

कारण सापडलं ते दाब-नियंत्रकाखालच्या वळणदार नळीत. या नळीत पाणी भरून ठेवतात, म्हणजे वाफ थेट उपकरणाला भाजत नाही. ती काढली तर आत काळा गाळ घट्ट बसलेला. नियंत्रकाला बॉयलरचा दाब कळतच नव्हता, त्यामुळे तो बर्नर बंदच करत नव्हता. थर्मोस्टॅट समाधानी होईपर्यंत दाब नुसता चढत होता. तार घालून नळी साफ केली, पाणी भरून परत लावली. हे काम करताना वीज बंद आणि बॉयलर पूर्ण थंड पाहिजे. तुमच्याकडे काहीही बिघडलेलं असो, सुरुवात इथून करा. फुकटचं काम आहे.

आता ठोक्यांचा हिशेब. १ पीएसआय दाब पाण्याला २७.७ इंच वर उचलतो. बॉयलरमध्ये २ पीएसआय असला की परतीच्या उभ्या पाइपात पाणी बॉयलरच्या पाणपातळीपेक्षा ५५ इंच वर चढतं. माझा छताखालचा परतीचा पाइप पाणपातळीपासून ३६ इंचांवर. म्हणजे पाणी आडव्या पाइपात शिरून उलटं वाहणार, तिथे त्याची वाफेशी गाठ पडणार, आणि घण. ८ औंसांना पाणी चढतं जेमतेम १४ इंच.

आणि छिद्रांचं गणित. छिद्रातून जाणारी वाफ दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. ८ औंसांवरून २ पीएसआय म्हणजे दाब चौपट, वाफ दुप्पट. ज्या छिद्रानं रेडिएटरला ऐंशी टक्के वाफ द्यायची ते एकशेसाठ टक्के देऊ लागतं. उरलेली थेट रिटर्नमध्ये. सगळे व्हॉल्व्ह शाबूत असते तरी एवढ्या दाबाला ही यंत्रणा ट्रॅप नसल्यासारखीच वागली असती.

१९ ऑक्टोबर

साधा नियंत्रक अर्ध्या पीएसआयच्या खाली नीट चालत नाही, म्हणून व्हेपरस्टॅट घेतला. ० ते १६ औंसांचा, २८० डॉलरच्या आसपास. बंद होण्याचा दाब ८ औंस, पुन्हा सुरू होण्याचा २.

लावताना एक गोष्ट नीट बघा. जुन्या साध्या नियंत्रकावरचा मुख्य आकडा 'सुरू होण्याचा' असतो आणि फरकाचा आकडा त्यात मिळवायचा असतो. व्हेपरस्टॅटवर मुख्य आकडा 'बंद होण्याचा' आणि फरक त्यातून वजा करायचा. दोन्ही डब्या बाहेरून सारख्याच दिसतात. जुना नियंत्रक काढलेला नाही. तो एकामागोमाग जोडून वरची सुरक्षा म्हणून ठेवला आहे.

ठोके जवळजवळ थांबले. पण परतीचा पाइप अजून तापतोच, आणि उत्तरेची खोली अजून गार.

२० ऑक्टोबर

अकराही रेडिएटर एकेक करून तपासले. इन्फ्रारेड थर्मामीटरनं चकाकत्या पितळेचं तापमान चुकीचं येतं, म्हणून प्रत्येक परतीच्या एल्बोवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि त्यावर मोजलं.

सहा रेडिएटर मुळातले, व्हॉल्व्ह आणि एल्बो दोन्ही शाबूत. त्यांचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडून वर रंग फासलेला, त्यामुळे मुठी अडकलेल्या. दोघांना मधल्या काळात कुणीतरी ट्रॅप लावलेले. त्यातला एक उघडाच अडकलेला, म्हणजे ट्रॅप असूनसुद्धा वाफ सरळ पार. उरलेल्या तिघांचे, म्हणजे बाथरूम, स्वयंपाकघर आणि उत्तरेची बेडरूम यांचे, व्हॉल्व्ह बदलून साधे पूर्ण उघडणारे व्हॉल्व्ह बसवलेले. छिद्रं गेली. त्यातल्या स्वयंपाकघराच्या रेडिएटरचा परतीचा एल्बोही साधा. वाफेला तिथे राजरस्ता.

प्रत्येक 'सुधारणे'त कुणीतरी गळका किंवा जुना दिसणारा भाग काढून दुकानात मिळेल तो लावला आहे. नवा भाग चांगलाच आहे, फक्त त्यात छिद्र नाही.

२६ ऑक्टोबर: चकत्या

जुने व्हॉल्व्ह मिळत नाहीत. उपाय असा की व्हॉल्व्ह आणि रेडिएटर यांना जोडणाऱ्या मोठ्या नटात (युनियन नट) तांब्याची चकती बसवायची, मधोमध मोजून भोक पाडलेली.

भोक केवढं? स्वयंपाकघराचा रेडिएटर ३० चौरस फूट, म्हणजे तासाला ७,२०० बीटीयू. एक पाउंड वाफ पाणी होताना साधारण ९७० बीटीयू देते, म्हणून तासाला ७.४ पाउंड वाफ. ८ औंस दाबाला एवढी वाफ सोडायला माझ्या हिशेबानं साडेपाच मिमीच्या जरा वर भोक लागतं. ऐंशी टक्क्यांवर थांबायचं तर ५ मिमी. बाकीचे त्या प्रमाणात: बाथरूम २० चौरस फूट, ४ मिमी. बेडरूम ४५, ६ मिमी. आधी लहानच भोक पाडा, मोठं कधीही करता येतं.

युनियन नट शंभर वर्षांत उघडलेले नसावेत. शिशाच्या रंगामुळे टॉर्चनं तापवायचं नव्हतं. भेदक तेल मारून रात्रभर ठेवलं आणि दोन पान्यांनी, एकानं व्हॉल्व्ह घट्ट धरून दुसऱ्यानं नट, असं सोडवलं. एका पान्यानं ओढलं तर खालचा उभा पाइप पिळला जातो आणि मग जमीन उखडायची वेळ येते. बेडरूमचा नट तरीही चिरला. सुदैवानं तो व्हॉल्व्ह नवाच असल्यामुळे जोडीचा नट दुकानात मिळाला.

पहिल्या रात्री बाथरूममधून बारीक शिट्टी ऐकू येऊ लागली. चकती काढून भोकाच्या कडेची कूस कानशीनं घासली, कड गुळगुळीत केली. शिट्टी बंद.

पारख सोपी आहे. बॉयलर तासभर सलग चालल्यावर रेडिएटरचे पहिले भाग कडक, मधले गरम आणि शेवटचा भाग कोमट असायला हवा. शेवटचा भागही कडक असेल तर भोक मोठं आहे. रेडिएटर पूर्ण तापला नाही म्हणून पहिल्यांदा चुकल्यासारखं वाटतं, पण इथे तसंच हवं.

अडकलेल्या ट्रॅपच्या आतला भाग काढून टाकला आणि त्या रेडिएटरचा मूळ व्हॉल्व्ह अर्ध्यावर आणला. त्याला ट्रॅपची गरजच नव्हती.

२७ ऑक्टोबर

अकराही एल्बो आता ७० अंश सेल्सिअसच्या खाली. रेडिएटरमधून वाफ निसटत नाही याची खात्री झाली. आणि तरीही तळघरातला परतीचा पाइप कडक! वाफ रेडिएटरच्या वाटेनं येत नसेल तर तळघरातच कुठेतरी दोन्ही पाइप एकमेकांना भेटताहेत.

१ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. पाहुणे होते, पाने-पकडी डब्यात. पण फराळानंतर तळघरात एक चक्कर झालीच, आणि खरी गोम तेव्हा दिसली.

छताखालच्या मुख्य वाफेच्या पाइपाच्या टोकाला पाणी उतरायला एक उभा पाइप आहे. परतीच्या पाइपालाही तसाच एक. दोन्ही उतरून जमिनीपासून ३८ इंचांवर एका टीमध्ये (तीन तोंडांचा जोड) मिळतात आणि मग एकच पाइप बॉयलरकडे जातो. शेजारच्या खांबावर रंगाची एक जुनी आडवी रेघ आहे, बाजूला 'पाणी' अशा अर्थाचं अक्षर. जमिनीपासून ४७ इंच. ती कोळशाच्या बॉयलरची पाणपातळी. आजच्या बॉयलरची पाणपातळी २६ इंच.

म्हणजे पूर्वी ती टी पाण्याखाली ९ इंच बुडालेली असायची. वाफेचा पाइप आणि परतीचा पाइप यांच्यामध्ये पाण्याचा बूच. २००८ मध्ये बुटका बॉयलर आला, पाणपातळी २१ इंचांनी खाली गेली आणि टी पाण्याच्या १२ इंच वर उघडी पडली. तेव्हापासून मुख्य पाइपाच्या टोकाला पोचलेली वाफ सरळ परतीच्या पाइपात वळते आहे. हा ट्रॅप कुठल्याच यादीत नव्हता. तो पाण्याच्या उंचीचा होता आणि बॉयलरबरोबर भंगारात गेला.

बॉयलर बसवणाऱ्यानं हार्टफर्ड लूप मात्र नीट केला आहे. रिटर्न पाइप फुटला तरी बॉयलरचं पाणी एकदम निघून जाऊ नये म्हणून हार्टफर्डच्या बॉयलर विमा कंपनीनं १९१९ मध्ये पुढे आणलेली ही जोडणी. पण ती बॉयलरचं रक्षण करते, रिटर्नचं नाही.

सहा हजार चारशेचे अकरा ट्रॅप लावले असते तरी हा पाइप तसाच तापला असता.

४ नोव्हेंबर

उपाय तीन. बॉयलर चौथऱ्यावर २१ इंच उचलायचा: गॅस, चिमणी, सगळंच हलणार, नको. पाइपात खोल लूप करून पाण्याचा बूच तयार करायचा: ८ औंसांना १४ इंच लागतात, सुरक्षिततेला ३० धरले तर जागेवर बसतो. किंवा दोन्ही उभे पाइप वेगवेगळे थेट जमिनीजवळ आणून, पाणपातळीच्या खूप खाली, चार इंचांवर जोडायचे. तिसरा निवडला, कारण त्यात नवीन काही नाही. मूळ रचनाच खाली सरकवायची.

काम थांबलं ते दुसऱ्याच कारणानं. त्या टीभोवती पांढऱ्या प्लास्टरसारखं जुनं वेष्टण आहे. नमुना तपासून घेतला, ॲस्बेस्टॉस निघालं. याला स्वतः हात लावायचा नाही, झाडूसुद्धा मारायचा नाही. परवानाधारक लोकांकडून तेवढा भाग काढून घेतला: १,८५० डॉलर, आणि त्यांची तारीख मिळेपर्यंत जवळजवळ महिना गेला. या सगळ्या कामात वेळ खाणारी हीच एक गोष्ट. तुमच्याकडे पाइप बदलायचे असतील तर ऑक्टोबरमध्ये नाही, मे महिन्यात तपासून घ्या.

७ डिसेंबर

नवे पाइप बसले. परवाना घेऊन एका पाइपफिटरकडून करून घेतलं, २,१०० डॉलर. तांबं न वापरता काळं लोखंड वापरलं. जमिनीलगतच्या पाइपाच्या दोन्ही टोकांना गाळ काढायला तोट्या ठेवल्या. पूर्वी कुणी ठेवल्या नव्हत्या आणि जुन्या पाइपाच्या तुकड्यात अर्ध्यापर्यंत गाळ भरलेला निघाला. फिटर जुन्या वळणाचा माणूस. खांबावरची रेघ दाखवल्यावर त्याला पुढचं काही समजावावं लागलं नाही.

बॉयलर पेटवला आणि दोन गोष्टी बिघडल्या.

पहिली, काचेच्या नळीतलं पाणी वरखाली उड्या मारायला लागलं आणि पाणी कमी झाल्याचं समजून सुरक्षा स्विच बर्नर सारखा बंद करू लागला. नवीन पाइपांचे आटे कापताना लावलेलं तेल बॉयलरच्या पाण्यावर तरंगत होतं. दुधावर साय धरली की ते उतू जातं, तसंच. उपाय साय काढण्याचाच: पाणपातळीच्या वरच्या तोंडाला पाइप लावून, बॉयलर उकळू न देता, पेन्सिलीएवढ्या धारेनं तासन्‌तास पाणी ओसंडू द्यायचं. घाई करून धार मोठी केली तर तेल खालच्या पाण्यात ढवळलं जातं आणि सगळं पहिल्यापासून.

८ डिसेंबर

दुसरी गोष्ट कळायला आजचा दिवस लागला. परतीचा पाइप अखेर गार झाला, पण वाफ घरभर पोचायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागू लागला. लांबचे दोन रेडिएटर तर थर्मोस्टॅट बंद होईपर्यंत तापतच नव्हते.

मुख्य पाइपातली हवा कुठून जात होती? त्याच उघड्या टीमधून! ती वाट वाफेला चुकीची होती, पण हवेलाही तीच होती. ती बंद केल्यावर मुख्य पाइपातली हवा टोकाला कोंडली.

आणि परतीच्या पाइपावरचा हवेचा व्हॉल्व्ह बघितला तर एका रेडिएटरवर लावतात तेवढा चिमुकला. मुळात ब्रूमेलच्या पद्धतीत हवा छताला टांगलेल्या एका छोट्या रेडिएटरमधून चिमणीत जायची. चुकार वाफ त्या रेडिएटरमध्येच थंड व्हायची आणि चिमणीची ओढ हवा खेचायची. तो रेडिएटर अजून लटकतो आहे. चिमणीचं तोंड मात्र गॅससाठी आतून नवीन नळी घालताना बंद केलेलं. ते उघडायचं नाही, चिमणीत आता गॅसचा धूर आहे.

१४ डिसेंबर

मुख्य पाइपाच्या टोकाला, पाणी खाली उतरतं त्याच्या अलीकडे, मोठा हवेचा व्हॉल्व्ह. परतीच्या पाइपाच्या शेवटी तसेच दोन. तिन्ही सहा इंचांच्या निपलवर (पाइपाच्या छोट्या तुकड्यावर) उंच धरले आहेत, नाहीतर पाण्याचे शिंतोडे बसून ते लवकर अडकतात. एकूण २०० डॉलरच्या आत. अडीच इंची पाइपाच्या सत्तर फुटांत सव्वादोन घनफुटांहून थोडी जास्तच हवा मावते. ती चिमुकल्या छिद्रातून बाहेर जायला वाफेला ताटकळत उभं राहावं लागत होतं.

आता वाफ मुख्य पाइपाच्या टोकाला पोचेपर्यंत ३ पीएसआयच्या गेजवर काटा हललेला दिसत नाही. हवा कोंडली नाही की दाबही चढत नाही. हे पाहून बाबा म्हणाले, "मग ट्रॅप कुठं आहे म्हणायचं?" मी म्हटलं, "बाबा, तळघरात आहे. पाइपात पाणी उभं आहे ना, तोच."

"मग त्या पाण्याची पातळी रोज बघत जा," ते म्हणाले.

२२ जानेवारी २०२५

बाहेर उणे दहाच्या खाली. बॉयलर जवळजवळ सलग चालू. गेजवर बहुतेक वेळ २-३ औंस. पहाटे घर तापवताना तेवढा ८ ला पोचून बर्नर बंद होतो आणि २ ला परत लागतो. बॉयलर मोठा आहे त्याची ही खूण, ती राहणारच. ठोके नाहीत. उत्तरेची बेडरूम २० अंशांवर. तिची चकती ६ वरून साडेसहा मिमी केली, कारण दोन बाहेरच्या भिंती आहेत. बाथरूमची ४ मिमीचीच ठेवली.

खर्चाचा हिशेब: व्हेपरस्टॅट, गेज, व्हॉल्व्ह, नट, तांबं आणि किरकोळ मिळून ६०० च्या आत. ॲस्बेस्टॉस १,८५०. फिटर २,१००. परवाना आणि नमुना तपासणी धरून एकूण ४,८०० च्या आसपास. म्हणजे ट्रॅपच्या भावापेक्षा फार स्वस्त नाही. पण ट्रॅपचे पैसे देऊनही वरचे दोन मोठे आकडे चुकले नसते.

१६ फेब्रुवारी

गॅसवाल्या कंपनीचा माणूस वार्षिक तपासणीला आला. दाब इतका कमी कसा म्हणून त्यानं नियंत्रकाचा स्क्रू फिरवायला पेचकस काढला. थांबवलं. त्यानंतर बॉयलरवर इंग्रजीत ठळक पाटी लावली: या घरात ट्रॅपची गरज नाही, लावू नयेत. दाब ८ औंसांच्या वर नेऊ नये. बॉयलर बदलल्यास नव्याची पाणपातळी जमिनीपासून २६ इंचांहून खाली जात असेल तर आधी परतीचे पाइप बघावेत. युनियन नटांत चकत्या आहेत, व्हॉल्व्ह बदलताना फेकू नयेत. कुठल्या रेडिएटरला किती मिमी तेही खाली लिहिलं आहे.

उरलेली कामं: स्वयंपाकघराचा साधा एल्बो तसाच आहे, चकती असल्यामुळे अडत नाही. रंगानं अडकलेल्या सहा मुठींपैकी दोन अजून हलत नाहीत. उघडे पडलेले नवे पाइप फायबरग्लासनं गुंडाळायचे आहेत, एक इंच जाडीचं. आणि एप्रिलमध्ये हीटिंग बंद केल्यावर जमिनीलगतच्या दोन्ही तोट्या उघडून पहिला गाळ काढायचा.